घरची भाजी : हिशोब बसतो का?

ओसरी (१२ जून)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी पहिला पाऊस पडला त्याच आठवड्यात मी घरी भाजी लावायला घेतली. आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी दहा बाय चार, ऊन सकाळी साडेसात ते साडेअकरा. शिवाय सोसायटीने गच्चीचा एक कोपरा वापरायला दिलाय.

पहिल्या दिवसापासून वही ठेवली. जे तोडलं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं आणि त्या दिवशीचा खालच्या भाजीवाल्या मावशींचा भाव विचारून लिहिलं. काल वर्ष झालं म्हणून बेरीज मारली.

ग्रो बॅग आणि कुंड्या २,१०० रुपये. कोकोपीट, शेणखत, गांडूळखत १,४५०. बी आणि रोपं ५८०. निंबोळी तेल, फवारणीचा छोटा पंप, हिरवी जाळी ९१०. माळीकाकांना एकदा बोलावलं त्याचे ६००. एकूण ५,६४०.

आणि वर्षभरात निघालेली भाजी : २,३८५ रुपयांची.

सासूबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्या पैशात मंडईतून निवडून निवडून भाजी आणली असतीस." त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. बाग मला सोडायची नाही, पण फायदा नक्की कशात मोजायचा ते समजून घ्यायचंय. ताजी, शुद्ध, निसर्ग वगैरे सगळं ऐकलंय. ज्यांनी चार-पाच वर्षं हे केलंय त्यांनी आपापला अनुभव सांगा, आणि माझं कुठे चुकतंय तेही.

परडी

मी पहिली! धागा वाचनखुणेत टाकला आहे. सविस्तर रात्री लिहिते.

रोजमेळ

ओसरीताई, वही ठेवलीत याबद्दल आधी अभिनंदन, हे कोणी करत नाही. पण जमाखर्चात एक गफलत आहे. कुंड्या, पंप आणि जाळी हा भांडवली खर्च. २,१०० अधिक ९१० म्हणजे ३,०१०. हे सामान पाच वर्षं सहज टिकतं (जाळी कदाचित तीन), म्हणजे वर्षाला धरायचे साधारण ६००. माती-खताचे १,४५० हेही बरेचसे पहिल्याच वर्षाचे. पुढच्या वर्षी तीच माती मोकळी करून, त्यात घरचं कंपोस्ट घालून वापराल. तेव्हा दुसऱ्या वर्षी खर्चाची बाजू दीड हजाराच्या आत यायला हवी. सासूबाईंना दोन वर्षांनी वही पुन्हा दाखवा.

ओसरी

रोजमेळ, हे डोक्यातच आलं नव्हतं! धन्यवाद. वहीत नवीन पान केलं.

सुपभर

काय काय लावलं होतं ते लिहाल का? माझा अंदाज आहे की घोळ तिथे आहे.

ओसरी

टोमॅटो, वांगी, भेंडी, फ्लॉवर (चार रोपं), गाजर, कांदा, मेथी, कोथिंबीर, दुधी, मिरची. फ्लॉवरचे दोन गड्डे मिळाले, मुठीएवढे.

सुपभर

वाटलंच. फ्लॉवर एक कुंडी तीन महिने अडवून बसतो आणि शेवटी एक गड्डा देतो. तो मंडईत हिवाळ्यात वीस-तीस रुपयांना मिळतो. कांदा-बटाटा तर कुंडीत लावूच नये, ते शेताचं काम.

घरी ते लावावं जे आपल्याला चिमूटभर लागतं आणि विकत मात्र जुडीभर घ्यावं लागतं. पुदिना घ्या. चटणीला दहा काड्या लागतात, उरलेली जुडी फ्रीजमध्ये काळी पडते. तीच बाजारची जुडी घ्या, पानं चटणीला वापरा, जाड काड्या पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. मग पसरट कुंडीत लावा, परत पुदिना विकत घेणार नाही. गवती चहा, कढीपत्ता, पातीचा कांदा, हिरवी मिरची, आलं, पानओवा यांचं तसंच. आणि पालेभाज्या. मेथी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत ताटात. माठ आणि चुका उपटायचा नाही, वरून खुडायचा, परत फुटतो.

मायाळूची एक वेल ग्रिलवर चढवा. पाऊसभर भजी. तिला कीडही फारशी लागत नाही.

माझ्याकडे नऊ वर्षं बाग आहे. आमच्या घरी कोथिंबीर विकत आणायची वेळ वर्षातून फक्त उन्हाळ्याचे दोन महिने येते.

पहिली_धार

कोथिंबीर माझ्याकडे उगवतच नाही. धने तीनदा टाकले. काय चुकतंय?

सुपभर

अख्खे टाकलेत ना? धना म्हणजे दोन बिया एका टरफलात. जुन्या चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर पाण्यात ठेवायचे. पेरून वर अर्धा इंच माती, आणि मग धीर धरायचा. मेथीसारखी तिसऱ्या दिवशी वर येत नाही. आठ ते बारा दिवस घेते. तेवढ्यात लोक कुंडी उकरून बघतात आणि कोंब मोडतात.

पहिली_धार

उकरून बघितली होती. 🙈

परडी (त्याच रात्री)

आता लिहिते. मला पैशांबद्दल काही म्हणायचं नाही, रोजमेळ यांनी छान सांगितलंय. मला बाबांबद्दल लिहायचंय.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. चार महिन्यांनी खांदा हलायला लागला, पण बोटं जुळत नव्हती. व्यायाम शिकवायला ताई यायच्या, त्या त्यांना प्लास्टिकचे मणी उचलायला द्यायच्या. बाबा शाळामास्तर होते. मणी बघून त्यांना इतका राग यायचा की ताट ढकलून द्यायचे. म्हणायचे, मी काय बालवाडीत आहे?

एके दिवशी मी मेथी पेरत होते. हाताशी एक ट्रे, बोटाने ओढलेल्या रेघा आणि वाटीत भिजवलेले दाणे. बाबा खुर्चीत शेजारी होते. मी सहज म्हटलं, एक रेघ तुम्ही करा. त्यांनी अंगठा आणि तर्जनी दाण्यावर नेली, दाणा निसटला, परत नेली. ओला मेथीदाणा बुळबुळीत असतो, सुटतो. त्या रेघेत अकरा दाणे पडायला पाऊण तास लागला. मी काही बोलले नाही. त्यांनीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मला हाक मारली, "सातच आलेत. चार कुठे गेले?"

मग रोज. मेथी, मग धने, मग मोहरी, कारण ती अजून बारीक. डॉक्टरांचे उपचार आणि व्यायाम चालूच होते, त्यामुळे मी असं म्हणत नाही की मेथीने हात बरा झाला. पण ताट ढकलणं थांबलं. आता ते सही करतात. आमच्या घरची भाजी मी कधी तोललेली नाही.

ओसरी

परडी, दोनदा वाचलं. बाबांना नमस्कार सांगा.

मुळाक्षर

परडीताई, __/\__

खांब_तुळई

धाग्यात आनंदाने भर पडतेय तर एक काळजीचं लिहितो, कारण हा माझा रोजचा धंदा आहे. मी इमारतींची पाहणी करतो.

ओसरीताईंनी गच्चीचा उल्लेख केलाय. ज्या गच्चीवर ये-जा असते तिच्यासाठी आपल्याकडच्या मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो वापरातला भार धरतात. आता एक फूट जाडीचा मातीचा वाफा घ्या. एका चौरस मीटरला ०.३ घनमीटर माती, आणि पावसात चिंब भिजली की वजन ५०० किलोच्या आसपास. म्हणजे धरलेल्या भाराच्या तिप्पट. वीटकाम करून सलग वाफे बांधलेले मी पाहिलेत, त्यांच्या खालच्या घरात स्लॅबला ओल आणि सळया गंजून पोपडे.

कुंड्या मोकळ्या मांडा, तुळईच्या (बीमच्या) रेषेवर किंवा कठड्याच्या कडेने, मधोमध नको. खाली विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा म्हणजे पाणी वाहतं आणि फरशी वाळते. आणि जुन्या इमारतीत आधी विचारा, मग चढवा.

चिपाड

खांब_तुळई यांना जोरदार अनुमोदन. म्हणूनच गच्चीवर माती कमी आणि पालापाचोळा जास्त, हा मार्ग. हे काही नवीन नाही. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या-फळं काढून दाखवली होती, माती नावालाच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. आणि या सगळ्यामागे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचं जाळं. ऊन मोजायला त्यांनी शिकवलं. आपल्या अंगणात पडणारं ऊन किती पानांवर झेललं जातंय, हा त्यांचा प्रश्न असायचा.

मी रसवंतीवाल्याकडून चिपाडाचं पोतं आणतो, तो फुकट देतो. आठ दिवस पाणी मारून ठेवायचं म्हणजे साखर निघून जाते, नाहीतर मुंग्या. मग थर : चिपाड, सुकी पानं, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर मूठभर शेणखत आणि दोन बोटं माती. वीस लिटरची बादली भरून एका हाताने उचलता येते. दर महिन्याला खाली बसतं, वरून परत भरायचं.

मुळाक्षर

चिपाड, उंदीर-घुशी येत नाहीत का ओल्या कचऱ्याने? आमच्या सोसायटीत यावरूनच भांडणं झाली.

चिपाड

शिजलेलं अन्न, तेलकट, दूध-मांस घातलं की येतात. मी फक्त सालं, देठं, चहाचा चोथा (साखर धुऊन) घालतो आणि वर सुक्या पानांचा थर. ओलं जितकं तितकंच किंवा दुप्पट सुकं. वास आला तर समजायचं सुकं कमी पडलं. आमच्या चौघांच्या घरातून ओल्या कचऱ्याचा डबा खाली जाणं दीड वर्षापासून बंद आहे. ओसरीताई, हा फायदा तुमच्या वहीत कुठे लिहाल?

गाभारा

थोडा विरोधी सूर लावतो. "घरची भाजी म्हणजे विषमुक्त" असं सगळे गृहीत धरतात. मी रसायनशास्त्र शिकवतो. रंगाचे जुने डबे आणि भंगारातून आणलेले केमिकलचे निळे पिंप यांत लोक भाजी लावतात. पिंपात आधी काय होतं ते माहीत नसेल तर फुलझाडं लावा, खायचं नको. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसतं, तो बुरशीनाशकाचा थर असतो. हात धुवा, आणि उरलेलं बी कोणी खाणार नाही अशा जागी ठेवा. आणि हमरस्त्याला लागून बाल्कनी असेल तर पालेभाजीवर धुरळा बसतोच, घरची म्हणून न धुता खाऊ नका.

दुसरं, कुंडीखालच्या बशा. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एकदा बशा रिकाम्या करून घासा. नुसतं पाणी ओतून देऊ नका, अंडी कडेला चिकटलेली असतात.

सुपभर

गाभारा सर, बशांचं फार महत्त्वाचं सांगितलंत. मी तर बशाच काढून टाकल्या.

दर्यावर्दी

आमच्या रत्नागिरीकडे प्रश्नच वेगळा. जागा भरपूर, ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि माकडं त्याहून भरपूर. आजीच्या वेळी पावसाळ्यात परसात पडवळ, काकडी, दोडकी, भोपळा असे मांडव असायचे. आता पडवळ बोटभर झालं की टोळी हजर. खातात थोडं, मोडतात सगळं.

सहा वर्षं डोकं लावून आता आम्ही ठरवलंय की त्यांना आवडत नाही ते लावायचं. हळद, आलं, सुरण, मिरची, अळू. सांडपाण्याच्या कडेला भाजीचं अळू, त्याला खतही नको. काकडी मात्र आईने हट्टाने घराला लागून, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलीय आणि ती दिवसभर खिडकीत काठी घेऊन उभी! गेल्या श्रावणात चार काकड्या मिळाल्या. चारही तिने गावात वाटल्या, घावन आम्ही एकाच काकडीचे खाल्ले असते तरी चाललं असतं. पण तिचं म्हणणं, पहिलं फळ घरात ठेवायचं नसतं.

मांडवी

दर्यावर्दी, आमच्या गोव्यात पण तेच हो. फोंड्याला माझ्या माहेरी माकडांनी भेंडे ठेवले नाहीत. पण पावसाळ्यात दारात सात शिरांचा भेंडा नाही असं घर आमच्याकडे विरळा. लांबलचक, फिकट हिरवा, मोठा झाला तरी कोवळा. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, अगशीच्या वांग्यालाही. बाजारात श्रावणात त्याचा भाव बघितला की घरच्या चार झाडांचा मान कळतो. आई दरवर्षी पहिला भेंडा बियाण्याला राखून ठेवते, त्याला कोणी हात लावायचा नाही म्हणून चिंधी बांधते.

गारठा

न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्याकडे भारतीय दुकानात मेथी मिळते, पण लांबून येते, पानं पिवळी. इथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री गोठणबिंदूची भीती, म्हणून मार्चमध्ये घरातच दिव्याखाली मिरची-वांग्याची रोपं करायची आणि मे अखेर बाहेर लावायची. जून ते सप्टेंबर मात्र दिवस इतका मोठा असतो की भेंडी बघता बघता वाढते. पण हरणं आणि ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, घुशीसारखा प्राणी)! मी आधी कुंपण घातलं, मग भाजी लावली.

मुलगी आठ वर्षांची. भेंडीला हात लावायची नाही. तिने स्वतः लावलेल्या झाडाची भेंडी तोडून तिथेच उभी राहून कच्ची खाल्ली. भाजी अजूनही खात नाही, हेही खरं सांगते. फक्त झाडावरची, कच्ची.

चिंचपेटी

गारठा, 😄 आमचा मुलगा फक्त घरचा मुळा खातो, तोही पाला नाही.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरहून. पुण्या-मुंबईचे लोक ऊन कमी म्हणून रडतात, आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. कुंडीतली माती हाताला चटका देते. मी दोन उन्हाळे सगळी बाग जाळली. आता होळी झाली की टोमॅटो काढून टाकतो. इतक्या तापमानाला त्याला फूल येतं आणि गळून पडतं, फळ धरतच नाही, मग पाणी कशाला वाया घालवा? चवळी, गवार आणि वेलीवर मायाळू तेवढी तग धरते, तीही पन्नास टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली. मातीवर वाळल्या पानांचं जाड पांघरूण. पाणी संध्याकाळी उशिरा. आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना बाहेरून चुना मारला, त्याने लय फरक पडला बाप्पा.

निरुत्तर

पाण्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या भागात एप्रिल-मे टँकर असतो. तेव्हा गच्चीवर भेंडीला पाणी घालणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे मुबलक आहे त्यांनी जरूर करावं, पण टँकरच्या पाण्यावर चार भेंड्या म्हणजे फायदा कसला?

सुपभर

निरुत्तर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आमच्याकडे तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवतो. दहा-बारा कुंड्यांना तेवढं पुरतं. त्याहून जास्त कुंड्या उन्हाळ्यात ठेवत नाही. माठ आणि कढीपत्ता सोडून बाकी मातीला सुटी.

बांध (१६ जून)

बरेच दिवस वाचनमात्र होतो. हा धागा पाहून लिहावंसं वाटलं. मी नारायणगावजवळचा, घरची शेती आहे, टोमॅटो हेच मुख्य पीक. मी पुण्यात नोकरी करतो, भाऊ शेती बघतो.

ओसरीताई, तुमची वही वाचून मला भावाची वही आठवली. तुमचा तोटा तीन हजारांचा, त्याच्या वहीत शून्यं जास्त, पण रकाने तेच. बी, खत, औषध, मजुरी, वर बांबू, तार, सुतळी, क्रेट, गाडीभाडं. जुलै २०२३ मध्ये शहरात टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा सगळ्यांनी फोन करून विचारलं, "मजा आहे ना?" ज्यांचा माल त्या पंधरवड्यात होता त्यांची होती. आमची तोड संपली होती. आणि वीस किलोच्या क्रेटला भाडंसुद्धा निघत नाही म्हणून बांधावर ओतलेला माल मी लहानपणापासून पाहिलाय, तेव्हा फोन येत नाहीत.

गाभारा सरांनी विषाचं लिहिलं. शेतकरी फवारतो हे खरं आहे, मी लपवणार नाही. पावसाळी हवेत करपा रोग आला की चार दिवसांत प्लॉट जातो. आणि व्यापारी डाग पडलेला क्रेट बाजूला काढतो. डाग नको म्हणणारं गिऱ्हाईक कोण, तर आपणच. घरच्या कुंडीतला डाग पडलेला, वाकडा टोमॅटो तुम्ही कौतुकाने खाता ना? मंडईत तोच उचलून बघा कधीतरी.

राग नाही. कळकळीने लिहिलंय.

ओसरी

बांध, राग वाटला नाही. खरं सांगते, गेल्या वर्षी माझ्या सहा झाडांपैकी चार पांढरी माशी आणि पान मुरडण्याने गेली. सहा झाडं जपताना माझी ती गत, तुमच्या भावाची एकरभर. त्यानंतर मी भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणं सोडलं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, आधी कधी जाणवलं नव्हतं.

मुळाक्षर

बांध, प्रतिसाद आवडला. आमच्या घरी आजपासून वाकडे टोमॅटो.

गाभारा

बांध, सहमत. माझा रोख शेतकऱ्यावर नव्हता, तसं वाटलं असल्यास क्षमस्व.

रोजमेळ

अवांतर : पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंधारण असे प्रकल्प असतील तर मिळकतकरात सवलत देते. सोसायटीने गांडूळखताचा खड्डा केला असेल तर चौकशी करा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कावळ्याची_वाट (२ ऑगस्ट)

धागा वर काढतो. दुधीला फुलं भरपूर, पण बोटभर दुधी होतो, पिवळा पडतो, गळतो. खत घातलं, उपयोग नाही. माझा दुधी सातव्या मजल्यावर आहे.

चिपाड

खताचा प्रश्न नाही. सातव्या मजल्यावर परागीकरण करणारे किडे येत नाहीत, म्हणून हाताने करावं लागतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा दिवेलागणीला जा. ज्या फुलामागे इवलासा लोकरीसारखी लव असलेला दुधी आहे ते मादी फूल. नुसत्या लांब देठावरचं ते नर. नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधल्या भागावरचे परागकण बोटाला लागतात का बघायचं. लागले तर तो भाग मादी फुलाच्या मधल्या गोंड्यावर हलकेच फिरवायचा. एका नर फुलावर दोन मादी फुलं होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लहान दुधीची मान खाली वळली आणि रंग हिरवा राहिला की जमलं.

लाल भोपळ्याचं हेच, पण पहाटे. त्याचं फूल उन्हं चढली की मिटतं.

कावळ्याची_वाट (११ ऑगस्ट)

जमलं! टॉर्च घेऊन गेलो होतो, बायको तो धरून उभी. दोन धरलेत, एक वीतभर झालाय.

मांडवी

आता त्याला कागदी पिशवी किंवा जुन्या ओढणीचं कापड गुंडाळा. फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते, वरून कळत नाही, आतून सडतो.

तिफण

उशिरा येतोय. बियाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून दोन शब्द. मी अकोले तालुक्यातला. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. वाल, घेवडा, पालेभाज्या, भात, सगळ्याचं बी त्यांनी घरोघर हिंडून गोळा केलं, राखेत आणि मडक्यात जपलं, आणि परसबागा उभ्या केल्या.

शहरातली मंडळी दरवर्षी संकरित बियांचं पाकीट आणता. त्या फळाचं बी धरून पुन्हा लावलं तर आईसारखं पीक येत नाही, भलतंच येतं. गावठी वाणाचं तसं नाही. एक वेल चांगली असेल तर तिची एक शेंग झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षी बी विकत घ्यावं लागणार नाही. त्यातही वेलीवरची पहिली आणि शेवटची फळं ठेवू नका, मधल्या बहरातली, निरोगी झाडाची ठेवा.

मांडवी

तिफण, आई पहिलाच भेंडा राखते. तिला हे सांगायची माझी हिंमत नाही.

तिफण

मांडवीताई, चिंधी बांधून चालत आलंय तर चालू द्या. आईंचं झाड मुळातच चांगलं असणार. 🙏

परडी

ओसरी, पुढे काय झालं? वहीचं नवीन पान?

ओसरी (९ ऑक्टोबर)

विचारलंत म्हणून सगळंच लिहिते.

सुपभर यांचं ऐकून फ्लॉवर, गाजर, कांदा बंद. पुदिना, माठ, चुका, मेथी, मायाळू, मिरची, पातीचा कांदा, आणि एकच दुधी. गच्चीवरचं सामान खांब_तुळई यांनी सांगितल्याप्रमाणे कठड्याच्या कडेला सरकवलं, निम्म्या बॅगा चिपाडावर केल्या. जून ते सप्टेंबर खर्च ३४० रुपये. भाजी १,३१० रुपयांची. पुदिन्याचा भाव मी दर खेपेला अख्ख्या जुडीचा धरला नाही, जेवढा वापरला तेवढाच धरला, हे रोजमेळ यांच्यासाठी.

पण वहीत मी आता तिसरा रकाना केलाय. त्यात रुपये नाहीत. पहिल्या ओळीत लिहिलंय, "ओला कचरा खाली नेला नाही : ९७ दिवस". दुसरी ओळ सासूबाईंची आहे. ऑगस्टमध्ये त्या एक दिवस दुपारी गच्चीवर गेल्या, दीड तास आल्या नाहीत. मी वर गेले तर मायाळूच्या वेलीला सुतळीने बांधत होत्या, आणि शेजारच्या इमारतीतल्या एका आजींशी कठड्यावरून बोलत होत्या. अकरा वर्षं आम्ही इथे राहतो, त्या दोघी एकमेकींना फक्त बघून ओळखत होत्या. आता मंगळवारी मायाळूची पानं तिकडे जातात आणि तिकडून कढीपत्ता येतो.

काल त्यांनी वही मागून घेतली आणि विचारलं, चाकवत का लावला नाहीस? ताकातला चाकवत त्यांच्या माहेरी थंडीत दर आठवड्याला असायचा. पाकिटात मिळेल ते नको म्हणाल्या, गावठी बी हवंय. पेरायला आता वेळही बरोबर आहे. कोणाकडे आहे का?

बांध

गेल्या वर्षीचं आईने धरलेलं आहे, बांधावरच्या चाकवताचं. रविवारी गावी जातोय, घेऊन येतो. कोथरूडला कुठे द्यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुपभर

बांध, चमचाभर मलाही!

पहिली_धार

आणि मला. या वेळी उकरून बघणार नाही.